भिंतीतलं नळकांडं

कोंडाजी गवंड्याची पहार शेवटच्या दगडातून पलीकडे गेली आणि मागच्या खोलीच्या भिंतीत तांब्याच्या बुडाएवढा उजेड पडला. दारात उभी असलेली सरोजिनी दचकून मागे सरकली. एवढ्याशा उजेडाला घाबरायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती. लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवण्यात तिचा निम्मा जन्म गेला होता आणि तिचं पाऊल वर्गात पडलं की कुजबुज आपोआप थांबायची. पण उजेडामागोमाग त्या भोकातून आषाढाचं धुकं आत आलं, फरशीवर उतरलं, आणि तिला वाटलं, ह्याला सांगावं, बुजव ते, आत्ताच्या आत्ता बुजव. तेवढ्यात तिचंच दुसरं मन म्हणालं, भोक आहे तेच बरं. भोक नसतं तेव्हाच माणसं मरतात. दोन्ही मनं एकदम बोलायला लागली की तिचे तळहात ओले व्हायचे. ते तिनं पदराला पुसले. "साहेबाच्या वक्ताची भित्त हाय बाई, लय चिवट," कोंडाजी घाम टिपत म्हणाला. "पर आता नळकांडं बसंल बघा झ्याक." तिनं मान हलवली आणि चहा टाकायला आत गेली.

नळकांड्याची कल्पना तिच्या नवऱ्याची. गोपाळकृष्ण तळेगावच्या एका कारखान्यात भट्टीवर इंजिनिअर होते. रोज सकाळी गाडीनं जायचे, संध्याकाळी यायचे, आणि जगातल्या सगळ्या अडचणी नीट आकृती काढली की सुटतात असा त्यांचा साधा विश्वास होता. त्यांचे धाकटे भाऊ, बाळभाऊजी, बरीच वर्षं इंग्लंडात राहून परत आले, ते बोटीतून येताना गॅसची एक शेगडी घेऊन आले. शेगडी म्हणायची आपली सवय म्हणून. एरवी ती लोखंडाची पेटी, पुढे जाड काच, आत निळ्या ज्योतींची ओळ, आणि मागे एकात एक घातलेले दोन नळ, भिंतीतून बाहेर जायचं नळकांडं ते हेच. बाहेरच्या नळातून पेटी बाहेरची हवा ओढते, आतल्या नळातून जळलेली हवा बाहेर टाकते. खोलीतल्या हवेला ती शिवतसुद्धा नाही, अगदी सोवळ्यातल्या बाईसारखी, असं गोपाळकृष्णांनी जेवताना समजावलं होतं. मुंबईहून तिची तोटी आपल्याकडच्या सिलिंडरला चालेलशी बदलून आणली होती. तशी ते राहत होते त्या जुन्या बंगलीत इंग्रज साहेबानं भिंतीत बांधलेली एक चूल होती, शेकत बसायची. पण तिच्या धुराड्यात मधमाश्यांनी संसार मांडलेला, आणि पावसात तिथून पाणी ठिबकायचं. त्यामुळे ती विटांनी बंद केली होती. "आता बाळंतिणीच्या खोलीत ना धूर ना राख," मुलगी बाळंतपणाला यायची होती ते मनात धरून गोपाळकृष्ण म्हणाले होते. "फक्त ऊब." सरोजिनीनं तेव्हा आमटी वाढली. तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती उबेचीच.

हे त्यांना सांगायचं तरी कसं. लोक आगीला घाबरतात, धुराला घाबरतात, गॅसच्या वासाला घाबरतात. थंडीपावसात छान ऊब लागली, डोळे जड व्हायला लागले, की सरोजिनीच्या छातीत धडधड सुरू व्हायची. बारा-तेरा वर्षांची असताना तळेगावच्या माहेरघरी तिची थोरली बहीण इंदिरा बाळंतपणाला आली होती. मार्गशीर्षातली थंडी. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून मागची अंधारी खोली दिलेली, खिडकीवर घोंगडी ठोकलेली, दाराच्या फटींत जुन्या लुगड्याचे बोळे कोंबलेले, बाजेखाली कोळशाची शेगडी, तिच्यावर ओव्याशेपांची धुरी. घरातल्या प्रत्येक बाईनं येताजाता एखादा बोळा कोंबला होता. जिनं तिनं माया केली. सकाळी आई हळिवाची खीर घेऊन आत गेली, तिच्या मागून सरोजिनी. इंदिरा कुशीवर झोपलेली, कुशीत बाळ. दोघांचे गाल गुलाबी. कधी नव्हे इतके गुलाबी. शेजारची एक म्हातारी पुढे झाली आणि कौतुकानं म्हणाली, बघा तरी, कशी टवटवीत दिसतेय पोर. मग आईच्या हातातली वाटी पडली. पुढचं सगळं सरोजिनीला तुकड्यातुकड्यानं आठवायचं. ते गाल मात्र अख्खे आठवायचे. घरच्यांनी शोध घेतला, तेव्हा खिडकीशी बोटभर फट सापडली. तिथून वारं शिरलं, असं सगळ्यांचं ठरलं. त्यानंतर त्या घरात जी जी बाळंतीण निजली, तिच्या खोलीची ती फट आधी शेणामातीनं लिंपून घेण्यात आली. ती बोटभर फट थोडी मोठी असती तर इंदिराताई वाचली असती, हे सरोजिनीला कळलं ते लग्नानंतर, गोपाळकृष्णांनी सहज बोलता बोलता कोळशाच्या विषारी वायूबद्दल सांगितलं तेव्हा. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, माणसाला फक्त झोप येते आणि गाल गुलाबी होतात, असं ते म्हणाले होते. ती उठून न्हाणीघरात गेली होती आणि बराच वेळ बाहेर आली नव्हती. इंदिराविषयी मात्र त्यांना ती "तापानं गेली" इतकंच म्हणाली.

म्हणून मागच्या श्रावणात शालन, तिची एकुलती मुलगी, पहिल्या बाळंतपणाला आली, तेव्हा सरोजिनीनं कोळशाची शेगडी खोलीच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती. धूर होतो, बाळाच्या डोळ्यांना त्रास होतो, काय वाट्टेल ती कारणं. लोणावळ्याचा श्रावण म्हणजे काय ते तिथं राहिलेल्यालाच ठाऊक. मिठाचं पाणी होतं, काडेपेटीतली काडी ओढली तर गूल निघून येतं, वहाणांना हिरवी बुरशी धरते, आणि लंगोट चार चार दिवस वाळत नाहीत. बाळाच्या छातीत कफ भरला. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, आणि न्यूमोनियानं बाळ गेलं. शेगडी असती तरी सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. कुणीच सरोजिनीला बोल लावला नाही. शालनसुद्धा गप्प राहिली. बाळाला न्हाऊमाखू घालायला जवळच्या भुशी गावाहून येणारी पुतळाबाई तेवढी जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली होती, "शेक पाह्यजे हुता, बाई. कवळं अंग ते." तेवढंच. पण ते एवढंसं वाक्य वर्षभर घरात राहिलं. आता शालनला पुन्हा दिवस गेले होते, सासरी बघणारं कुणी नव्हतं, जावई दूर विदर्भात नोकरीला, आणि पुन्हा आषाढ-श्रावणच. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात तसं झालं होतं. फक्त इथं आग कुठली आणि फुफाटा कुठला, हेच सरोजिनीला ठरवता येत नव्हतं. ऊब दिली तर इंदिरा आठवत होती, नाही दिली तर तो इवलासा जीव.

गोपाळकृष्णांनी तयारी मात्र अशी केली की नाव ठेवायला जागा नाही. नळकांड्याचं तोंड खिडकीखाली येता कामा नये, नाहीतर बाहेर टाकलेली हवा पुन्हा आत येईल, म्हणून त्यांनी भिंत बदलली. बाहेरच्या बाजूला रचलेली लाकडं हलवली, तोंडावर वाढलेली जाईची वेल कापली, तेव्हा सरोजिनीला वाईट वाटलं. नळकांड्याभोवतीची पोकळी कोंडाजीनं सिमेंटनं भरली. सिलिंडर मागच्या पडवीत ठेवला, तिथून तांब्याची नळी आणली, आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून गोपाळकृष्ण चष्मा वर करून बघत बसले, बुडबुडा येतो का. "एक बुडबुडा दिसला तरी मी हे काढून टाकेन," ते म्हणाले. बुडबुडा आला नाही. तिनंही तिथं बसून पाहिलं. तिला बुडबुडा यायला हवा होता की नको होता, हे तिचं तिलाच कळेना. खोलीतला पडदा काढला, पाळण्याचा आकडा पेटीपासून लांबच्या तुळईला लावला. पहिल्यांदा पेटवली तेव्हा पुतळाबाईही बघायला आली होती. काचेआड निळी ओळ पेटली, पुतळाबाईनं दुरूनच हात जोडले आणि मग भिंतीजवळ जाऊन नळकांड्याकडे संशयानं पाहिलं. "ह्ये भोक असंच राह्यनार व्हय, साहेब?" तिनं विचारलं. "असंच राहायला पाहिजे, पुतळामावशी," गोपाळकृष्ण हसून म्हणाले आणि त्यांनी खडूनं फरशीवर आकृती काढली. हवा अशी येते, अशी जाते. पुतळाबाईनं मान डोलावली. ज्यांना आकृती कळत नाही ती माणसंही मान डोलावतात, हे वर्गात उभी राहिलेली कुठलीही बाई सांगेल. पण त्या दिवशी सरोजिनीचं पुतळाबाईच्या मानेकडे लक्ष नव्हतं. ती ज्योतीकडे बघत होती.

शालन येण्याच्या आदल्या शनिवारी शाळा सकाळची होती. गोपाळकृष्ण कारखान्यात. दुपारी जेवण उरकल्यावर सरोजिनीनं एक गोष्ट ठरवली, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आपण आधी त्या खोलीत बसायचं. दार लावून, खिडकी लावून, शालन जशी निजेल तशी बाजेवर निजायचं. काही व्हायचंच असेल तर आधी आपल्याला होऊ दे. तिनं चावी दाबून धरली, बाजूचं बटण फिरवलं, ठिणगी पडली, ज्योत आली. दाराला कडी मात्र तिनं घातली नाही. बाजेवर आडवी झाली आणि पंखे नसलेल्या त्या उंच छपराकडे बघत राहिली. बाहेर पाऊस पत्र्यावर एकसुरी पडत होता. हळूहळू पायांना ऊब लागली. मग पोटऱ्यांना. वर्षानुवर्षं ओली राहिलेली ती खोली अंग सैल सोडायला लागली, भिंतींचा कुबट वास जाऊन चुन्याचा कोरडा वास यायला लागला. किती बरं वाटतंय, असा विचार तिच्या मनात आला आणि त्या विचाराबरोबर ती थिजली. इंदिरालाही असंच बरं वाटलं असेल. तिनंही मनात म्हटलं असेल, किती बरं वाटतंय. सरोजिनीनं स्वतःच्या गालांना हात लावले. गरम होते. आरसा कपाटाच्या दाराला होता आणि तिथवर जाऊन बघायची तिची छाती होईना. डोकं जड झालंय का? झालंय. की भीतीनं झालंय? श्वास लागतोय का? तिनं श्वास मोजायला घेतले आणि मोजायला घेतल्याबरोबर ते चुकायला लागले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं ती वर्गात मुलींना सांगायची. आता तो ब्रह्मराक्षस काचेच्या पेटीत बसून तिच्याकडे बघत होता.

आणि तो खरंच रंग बदलायला लागला. आधी तिला वाटलं, आपल्या डोळ्यांत पाणी आलंय. पण नाही, ज्योती निळ्या राहिल्या नव्हत्या. टोकं पिवळी झाली, मग सगळीच पिवळी, लांब, आळसावलेली. काचेला वरच्या बाजूनं चाटायला लागली आणि काचेवर काजळी धरली. गोपाळकृष्णांनी सांगितलं होतं, निळी म्हणजे पोटभर हवा, पिवळी म्हणजे उपाशी. तिला उठायचं होतं. उठता येईना. अंगावर कुणी बसल्यासारखं काही नव्हतं, पाय बांधलेले नव्हते. नुसती भीती, आणि भीतीनं माणूस किती जड होतो ते तिला त्या दुपारी कळलं. आई, असं ती पुटपुटली, पन्नाशीला आलेली बाई. ज्योती एकदा उचलल्या गेल्या, थरथरल्या आणि विझल्या. पेटीत खट् असा आवाज झाला. मग नुसता पाऊस. त्या आवाजानं तिला कसं कोण जाणे, बळ दिलं. ती बाजेवरून अक्षरशः खाली घसरली, दार ढकललं, ओसरीतून अनवाणी बाहेर गेली, आणि पावसात घराला वळसा घालून मागच्या भिंतीशी आली.

नळकांड्याच्या तोंडावर गोणपाट होतं. नुसतं टाकलेलं नाही. चौपदरी घडी करून, सुतळीचे वेढे देऊन, पक्की गाठ मारून बांधलेलं. बाळंतिणीच्या डोक्याला फडकं बांधावं तितक्या निगुतीनं. पुतळाबाई पागोळ्यांखाली उभी राहून हात धूत होती.

"हे कुणी केलं?" सरोजिनीनं विचारलं. तिचा आवाज तिला परका वाटला.

"म्या बांधलं, बाई. परवा येतीया न्हवं शालनताई? वारं सरळ आत जात हुतं. बाळंतिनीच्या खोलीत येवढं भोक ठिवत्यात व्हय कुनी? गेल्या साली झालं त्ये झालं. औंदा म्या न्हाई वारं लागू द्यायची तिला."

सरोजिनीला ओरडायचं होतं. तिनं हात उचललाही होता. पण पुतळाबाईचं तोंड असं काही काळजीनं भरलेलं होतं, की तिला तळेगावच्या त्या घरातल्या सगळ्या बायका दिसल्या, आई, काकू, आत्या, येताजाता एकेक बोळा कोंबणाऱ्या. कुणाच्या मनात पाप नव्हतं. तिनं गाठ सोडायला घेतली. ओली सुतळी सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. गोणपाट निघालं तशी आतली कोंडलेली गरम वाफ त्यांच्या तोंडावर आली. तिनं पुतळाबाईचा हात धरून नळकांड्यापुढे नेला. "बघा. हे इथून श्वास टाकतं. आणि बाजूनं घेतं. तोंड दाबलं की आतल्या माणसाचा जीव जाईल, पुतळामावशी. मी आत्ता आत निजले होते."

पुतळाबाईनं हात झटकन मागे घेतला. मग तिनं हळूच पुन्हा पुढे केला. "तुमी आत हुता?" ती म्हणाली, आणि खालीच बसली, चिखलात. "साहेबानं रांगोळी काडून दावली, म्या हूं हूं केलं. आमाला काय कळतंय त्यातलं. विचारायची लाज वाटली." आणि ती रडायला लागली. सरोजिनी तिच्याशेजारी पावसात उभी राहिली. तिलाही रडायचं होतं, पण भीती अजून गेली नव्हती आणि भीतीत रडू येत नाही.

संध्याकाळी गोपाळकृष्णांना हे कळलं, तेव्हा त्यांचा चेहरा पडला आणि लगेच उजळलाही. "म्हणजे झडप चालली. हवा मिळेना तर आपोआप बंद झाली. बघ, केवढं सुरक्षित आहे." त्यांनी दुसऱ्याच दिवशी नळकांड्याच्या तोंडाला हातभर लांब जाळीचा पिंजरा ठोकला, कुणाला काही बांधताच येऊ नये असा. काजळी साफ करून पेटी पुन्हा पेटवली, सबंध रविवार चालू ठेवली, ज्योत निळीच्या निळी. सरोजिनी म्हणाली, "यंत्राचं मला भय नाही हो. ते चुकलं तर तुम्ही दुरुस्त कराल. माया करणारं माणूस चुकलं तर काय करायचं?" त्यांनी जाळीचा एक खिळा हलवून पाहिला. "मग सगळ्यांना सांगून ठेव," ते म्हणाले. "ज्याला माहीत असतं तो बोळे कोंबत नाही." ते सहज म्हणाले, पण सरोजिनी त्या वाक्यापाशी अडली. सगळ्यांना म्हणजे पुतळाबाईला, कोंडाजीला, शेजारणींना. आणि जी त्या खोलीत निजणार तिला.

सोमवारी दुपारच्या गाडीनं शालन आली. पोट पुढे आलेलं, पाय सुजलेले, स्टेशनपासून टांग्यात भिजलेली. खोलीत शिरली आणि उंबऱ्यातच थांबली. "आई, केवढं छान आहे गं," ती म्हणाली. "ऊन पडल्यासारखं वाटतंय." बाजेवर बसली, पाय वर घेतले, डोळे मिटले. इतकी बिनघोर तिला सरोजिनीनं वर्षभरात पाहिली नव्हती. ह्या क्षणी गप्प राहावं, असं तिला फार वाटलं. पण ती दार लोटून आत आली, बाजेच्या कडेवर बसली आणि तिनं सांगितलं. इंदिरा तापानं गेली हे खोटं होतं, हे सांगितलं. घोंगडी, बोळे, बाजेखालची शेगडी, लिंपलेली फट. गोणपाटाचंही सांगितलं. सांगताना तिचा आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ आणि सपाट येत होता. ज्योत पिवळी दिसली की उठायचं, दाराला कडी घालायची नाही, अंग जड वाटलं तर बाळाला घेऊन आधी बाहेर यायचं.

शालन डोळे उघडून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती पोटावरून हात फिरवायला लागली.

"म्हणून मागच्या वर्षी शेगडी लावू दिली नाहीस?"

"हो."

"मला वाटायचं, तुला राखेचा कंटाळा येतो म्हणून." शालनचा आवाज चढला नाही. "वर्षभर मला तेच वाटायचं, आई. मी कुणाला बोलले नाही."

सरोजिनीनं तिचा हात धरायला हात पुढे केला. शालननं तो धरू दिला, पण तिची नजर काचेआडच्या निळ्या ओळीवर होती. मग ती म्हणाली, "तू जा. मी पडते जरा. दार अर्धं उघडं ठेव."

सरोजिनी स्वयंपाकघरात आली. ओट्यावर हळीव निवडायला घेतले होते, ते खाली घेऊन ती पाटावर बसली आणि तिची पाठ भिंतीला टेकली. अंगातून काहीतरी उतरून गेल्यासारखं वाटत होतं. कितीतरी वर्षांत असं हलकं वाटलं नव्हतं. स्वयंपाकाच्या चुलीशेजारच्या उबेत तिच्या पापण्या जड झाल्या, आणि ह्या खेपेला छातीत धडधडलं नाही. सांगून टाकणं किती सोपं होतं, असं तिला वाटलं. आणि डोळा लागता लागता आपल्या अंगातून उतरलेलं भय शालनकडे गेलं, हेही तिला कळलं, पण तोवर झोप वरपर्यंत आली होती.

"आई," मागच्या खोलीतून शालननं हाक मारली. मग थोड्या वेळानं पुन्हा, आवाज खाली आणून, "आई, तू जागी आहेस ना?"